अ‍ॅम्पची जागा

सुरतेला जाण्याच्या आदल्या दिवशी मी व्हॅनच्या मागच्या भागाचं माप घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या नकळत झालं असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं आणि ते खोटं आहे. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप खिशात घालून मी आमच्या ग्रुपमधल्या कीबोर्डवाल्याच्या घरी गेलो, दारातल्या व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि लांबी, रुंदी, उंची पेनाने तळहातावर लिहून घेतली. मला हवा होता तेवढा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, मागच्या सामानाच्या जागेत बसत नव्हता. मागची एक सीट दुमडली तर मात्र आरामात बसत होता. गाडी पाच सीटची आणि आम्ही पाच जण. दुमडायची ती सीट कोणाची, हे मला टेप गुंडाळतानाच कळलं होतं.

आमचा ग्रुप म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत मी राहतो, लॅबमध्ये रसाचे नमुने तपासतो. हंगाम संपला की हात मोकळे होतात आणि नेमके तेव्हाच लग्नाचे मुहूर्त सुरू होतात. कीबोर्डवाला शहाद्याचा, गाडी त्याचीच, त्यामुळे मालकीचा थोडा तोराही त्याचाच. गाणारी बाई शाळेत शिकवते. ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं ठेक्यांचं मशीन, वाजवणाऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आणि पाचवे आबा, ढोलकवाले. बाजारात दोर, दावी, चाळण्या विकायचं त्यांचं दुकान. वय सत्तरीला टेकलेलं. नात्याने ते आमच्यापैकी कोणाचेच कोणी नाहीत, पण सगळे त्यांना आबाच म्हणतात.

हळदीचा कार्यक्रम, साखरपुडा, कोणाच्या निवृत्तीचा समारंभ, कुठे शाळेचं स्नेहसंमेलन, असली छोटी कामं आम्ही करतो. शंभर-दीडशे माणसं, अंगणात मांडव, दोन स्पीकर, एक मिक्सर. अहिराणी गाणी, जुनी हिंदी गाणी, मागितलं तर एखादं भजन.

बेस गिटार मी कॉलेजात असताना हातात घेतली ती निव्वळ कमी तारा आहेत म्हणून. चार तारा, चार बोटं, काय अवघड असणार, असं वाटलं होतं. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत मी इतकं बेसूर आणि बेताल वाजवलं की आता मला काढणार याची मला खात्री होती. तेव्हा आबांनी मला आपल्या डाव्या बाजूला बसवलं आणि म्हणाले, "भाऊ, तू बाकी कोनाकडे ध्यान देऊ नको. मन्हा डावा हातना मांगे मांगे चाल."

ढोलकची डावी बाजू म्हणजे घुमाऱ्याची बाजू. तिथे आबांचा तळवा पडला आणि किंचित सरकला की जो खोल आवाज निघायचा, तो मी तारेवर पकडायचा, एवढाच माझा अभ्यासक्रम. नोटेशन, स्केल, बोटांचे व्यायाम हे सगळं नंतर मोबाइलवर बघून शिकलो. पण वाजवायला मी शिकलो ते एका माणसाच्या तळहाताकडे बघत. अंतरा संपायच्या ठिकाणी आबा थाप जरा रोखून धरत. अगदी कणभर. नाचणाऱ्यांचे पाय उचललेले असत आणि ते क्षणभर तसेच राहत. मग थाप पडायची, सगळे एकदम खाली यायचे आणि हसायचे. का हसलो हे त्यांना माहीत नसायचं. मला माहीत असायचं, आणि मी त्या एका जागेसाठी अख्खं गाणं वाट बघायचो.

आता अ‍ॅम्पचं. माझ्याकडे नंदुरबारच्या एका कारागिराने बनवलेला एक डबा होता. फळकुटाच्या पेटीत आठ इंची स्पीकर. जरा आवाज वाढवला की तो भुंग्यासारखा घूं घूं करायचा. अंगणात वाजवताना माझं मलाच ऐकू यायचं नाही. खोलीत भिंती खर्जातला आवाज परत फेकतात, तो भरल्यासारखा वाटतो. उघड्यावर तो जातो तो जातोच. कापडी मांडव तर काहीच परत देत नाही. लोक गाणारीचं कौतुक करायचे, कीबोर्डवाल्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि मला विचारायचे, "तुम्हीन काय वाजाडतंस?" गळ्यात चार फुटांची गिटार अडकवलेल्या माणसाला हा प्रश्न.

एकदा तर हद्द झाली. तापीकाठच्या एका गावात अर्ध्या गाण्यात माझी केबल जॅकमधून निघाली आणि मला पत्ताच नाही. मी आपला तालात मान हलवत मुक्या तारा छेडतोय. गाणारीला कळलं नाही, कीबोर्डवाल्याला कळलं नाही, मांडवातल्या एकाही माणसाला कळलं नाही. आबांनी मात्र एका आवर्तनात मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात भारी केला. उरलेलं गाणं त्यांनी माझ्या वाट्याचंही वाजवलं. नंतर चहा पिताना हळूच म्हणाले, "तुन्ही वायर निंघी गयी व्हती."

मला त्याचा राग आला. त्यांचा नाही, सगळ्यांचा. मी नसलो तरी चालतं, ही गोष्ट पुराव्यासकट सिद्ध झाली होती. त्यातच गावोगावचे डीजे कमी झाले आणि काम द्यायला येणारा जो तो पहिला प्रश्न विचारू लागला, "बेस शे ना?" त्यांना म्हणायचं असायचं, छाती हादरेल ना. मला वाटायचं, चला, इतक्या वर्षांनी कोणीतरी आपली चौकशी केली. ह्या मूर्खपणाला काय म्हणावं! मग मी ठरवलं की अंगण हादरवणारा अ‍ॅम्प आणायचा.

सुरतेचं दुकान मोठं होतं आणि दुकानदार भला माणूस होता. त्याने आधी विचारलं, कुठे वाजवता, किती लोकांपुढे, जाता कशाने. मी सगळं खरं सांगितलं, फक्त शेवटचं सोडून. म्हणालो, स्वतःचा टेम्पो आहे. त्याने तरीही एक वहीएवढी धातूची डबी पुढे केली. गिटार हिच्यात लावा, हिच्यातून वायर सरळ मिक्सरला, आवाज स्वच्छ जातो, छोट्या कार्यक्रमांना एवढं पुरतं. पाठीवरच्या पिशवीत मावेल, म्हणाला. स्वतःला ऐकायला हवं असेल तर हा छोटा दहा इंची अ‍ॅम्प घ्या आणि खुर्चीवर ठेवा, कानाजवळ येतो.

मी पंधरा इंचीच्या कॅबिनेटकडे बोट दाखवलं. त्याने निमूटपणे जोडून दिला. मी सगळ्यात जाड तार ओढली आणि दुकानाची काच थरथरली. काउंटरवरचा चहाचा ग्लास सरकला. मला इतका आनंद झाला की मी डबीकडे पुन्हा बघितलंच नाही. आपल्याकडे अ‍ॅम्प असाच पारखतात. पत्रे वाजले, भांडी हलली की माल चांगला. बंद खोलीतली काच हलते म्हणून उघड्या मांडवातला माणूस हलेल, हा हिशेब मी केला. तोही अशा माणसाने, ज्याला खोली आणि अंगणातला फरक इतकी वर्षं छळत होता.

पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही गाडी भरली. कीबोर्डवाल्याने कॅबिनेट बघून शिटी वाजवली आणि मागची सीट दुमडली. आता बसायला चारच जागा उरल्या. आबा ढोलक खांद्याला लावून दाराशी होते. त्यांनी एकदा गाडीत पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी केबलचं वेटोळं नीट करत होतो. ते आधीच नीट होतं.

"मी जीपवर येस ना," आबा म्हणाले. "मन्हाजोडे काय, एक ढोलक ते शे."

कोणीतरी "नको, आबा" म्हणायला हवं होतं. ते माझं काम होतं. मी म्हणालो, "आबा, एवढ्या बार जाऊ द्या, पुढे काहीतरी करसूत." पुढे काही केलं नाही.

तीन-चार कार्यक्रम ते कधी एस.टी.ने, कधी जीपने आले. वेळेच्या आधी येऊन बसलेले असायचे. आम्ही पोचलो की हसून सामान उतरवायला हात लावायचे, त्या कॅबिनेटलाही. ते उतरवायला तीन माणसं लागत. मला लाज वाटायची आणि लाज वाटली की मी आवाज वाढवायचो. तो अ‍ॅम्प जमिनीवर, माझ्या मागे, गुडघ्याशी. त्याचा सगळा मारा पायांवर आणि माझे कान वर. मला कमीच ऐकू यायचं, मी आणखी बटण फिरवायचो आणि पन्नास फुटांवर बसलेले पाहुणे खुर्च्या मागे सरकवायचे. पण पोरंसोरं खूश. "आते मजा उनी," असं लोक म्हणाले. मला, तोंडावर. आबांच्या डाव्या हाताचा घुमारा त्या गदारोळात मला ऐकू येईनासा झाला, हे मला कळत होतं. मी स्वतःला समजावलं की आता मला त्याची गरज राहिली नाही.

मग धडगावचं काम आलं. तिथल्या एका कार्यालयात नोकरीला असलेल्या, मूळ शहाद्याकडच्या माणसाच्या मुलीची हळद. दुपारी बाराची वेळ. आम्ही घाट चढून अकरालाच पोचलो, सामान मांडलं, तारा जुळवल्या. आबा नाहीत. घाटात मोबाइल लागत नाही. जीप भरल्याशिवाय निघत नाही, हे इकडे कोणाला सांगायला नको. साडेबारा झाले. यजमान तीनदा येऊन गेले. "चालू करा ना भो, पाव्हना बसेल शेत."

ऑक्टोपॅडवाला म्हणाला, "मन्हाकडे आबासना ठेका शे. त्या दिवसना प्रॅक्टिसमा रेकॉर्ड करेल." त्याने सरावाच्या वेळी चार मात्रांचा एक तुकडा मशीनमध्ये भरून ठेवला होता, सहज गंमत म्हणून. बटण दाबलं की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. कीबोर्डवाल्याने माझ्याकडे पाहिलं. गाणारी बाई म्हणाली, "अजून दहा मिनिटं थांबू या." मी म्हणालो, "लोक खोळंबलेत. लाव."

आणि खरं सांगतो, मस्त जमलं. मशीन लय सोडत नाही, थकत नाही, मध्येच काही सुचून वळण घेत नाही. माझा बेस त्याच्यावर अगदी चपखल बसला. बायका उठून नाचायला लागल्या. मी डोळे मिटून वाजवत होतो. इतक्या वर्षांत एवढं निश्चिंत मी कधी वाजवलं नव्हतं.

तिसऱ्या गाण्यात डोळे उघडले तेव्हा आबा मांडवाच्या कडेला, पाण्याच्या ड्रमजवळ उभे होते. अंगावर घाटातली धूळ, खांद्याला ढोलक, तिच्यावर अजून बांधलेली खोळ. ते स्पीकरकडे बघत होते. आपलाच हात आपल्याशिवाय वाजताना ऐकत होते. त्यांनी खोळीची नाडी सोडली नाही. अंतऱ्याचा शेवट आला, मशीनने काहीही रोखून धरलं नाही, नाचणाऱ्यांचे पाय आपले खालीवर होत राहिले. कोणाला काही कमी पडलं नाही.

गाणं संपल्यावर मी हात करून बोलावू शकलो असतो. दहा पावलांचं अंतर होतं. मी मान खाली घातली आणि तार जुळवत बसलो. पुन्हा वर पाहिलं तेव्हा ते पंगतीत बसले होते. जेवले, यजमानांना नमस्कार केला आणि परतीच्या जीपमध्ये बसून निघून गेले. आमच्यातल्या कोणीही त्या दिवशी घाट उतरेपर्यंत त्यांचं नाव काढलं नाही.

पुढच्या कामाला त्यांना कोणी निरोप दिला नाही आणि त्यांनी विचारलं नाही. झालं. माणूस असा जातो, हे मला माहीत नव्हतं. भांडण नाही, शब्द नाही, कोणी कोणाला काढलं नाही. मी बाजारात जाताना दोरांच्या दुकानावरून न जाता मागच्या गल्लीने जायला लागलो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, गल्ली बदलून चालतोय!

अ‍ॅम्पने तरी सुख द्यावं की नाही? जनरेटरवर तो गुरगुरायचा. एका घरी बाळंतीण होती, आवाज बारीक करा म्हणाले. दुसऱ्या घरी आजारी माणूस. निवृत्तीच्या समारंभात तर साहेबांचं भाषण चालू असताना माझा हात चुकून तारेला लागला आणि हारांची टोपली टेबलावरून खाली आली. गाणारी बाई शेवटी चिडून म्हणाली, "तुमच्या त्या कपाटामुळे मला माझा सूर ऐकू येत नाही. एक तर ते बोलेल नाहीतर मी." मी बटण दोनवर ठेवून वाजवायला लागलो. तिघांनी उचलायचं धूड, आणि आवाज माझ्या जुन्या डब्याएवढा. कंबर धरली ती वेगळीच. चूक झाली हे मला कधीच कळलं होतं. ते कबूल करायला मी एक अख्खा मोसम घेतला.

पुढच्या हंगामात लॅबमध्ये रात्रंदिवस रस तपासत असताना मनात तेच घोळत राहायचं. शेवटी मी ते कॅबिनेट कॉलनीच्या सभागृहाला देऊन टाकलं, तिथे भिंती आहेत, तिथे ते शोभतं. सुरतेहून ती वहीएवढी डबी मागवली. मिक्सरला जोडून वाजवलं. आवाज इतका स्वच्छ आला की मला स्वतःला चार थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

मग मी समोरच्या रस्त्याने आबांच्या दुकानात गेलो. ते दावी मोजत होते. त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. मी डबी दाखवली, म्हणालो, "आबा, आते गाडीमा जागा शे. चुकनं मन्हं." पाठ करून आणलेल्यातलं धडगावचं मात्र मी काढलंच नाही. मला वाटलं होतं ते रागावतील. मी त्यासाठी तयार होऊन गेलो होतो, रागावले असते तर बरं झालं असतं.

"येसु ना," ते लगेच म्हणाले. "काबर नई? कवयना कार्यक्रम शे?"

परत येताना मी इतका हलका झालो होतो की गुणगुणत चाललो होतो. घरी बायकोला सांगितलं, सगळं मिटलं.

कार्यक्रम तापीकाठच्या एका गावात, सकाळी दहाचा. मागच्या सीटवर मी आणि आबा शेजारी, ढोलक मांडीवर. मांडवात मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. पहिलं गाणं सुरू झालं. आवाज छान होता, माझा आणि त्यांचा वेगवेगळा आणि एकत्रही ऐकू येत होता. एवढं स्पष्ट तर मला त्यांचा डावा हात पूर्वीही कधी ऐकू आला नव्हता. मी खूश होऊन वाजवत राहिलो आणि अंतऱ्याच्या शेवटाची वाट बघायला लागलो.

थाप रोखली गेली नाही. ती वेळेवर पडली. अगदी वेळेवर. मला वाटलं, पहिलंच गाणं आहे, हात बसायचा आहे. दुसऱ्या अंतऱ्यालाही तेच. दुसऱ्या गाण्यातही तेच. चार मात्रा, मग पुन्हा त्याच चार मात्रा, त्याच वजनाच्या, तळवा तेवढाच सरकलेला, ना कमी ना जास्त. नाचणाऱ्यांचे पाय खालीवर होत होते. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. कपाळावर घाम होता. ओठ हलत होते, ते मात्रा मोजत होते. ज्या माणसाला मी कधी मोजताना पाहिलं नव्हतं.

गाणं संपल्यावर त्यांनी पंच्याने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळले. परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखा चेहरा.

"बरोबर वाजनं ना, भाऊ? मशीनमा शे तसंच?" मग जरा जवळ येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "मोबाइलवाला भाऊकडथीन ते रेकॉर्ड लिधं. महिनाभर रोज तेच वाजाडं. आते चुकस नई मी."

काय चुकलं होतं त्यांचं? हे मला विचारायचं होतं. ते रेकॉर्ड विसरा, तुमचं तुम्ही वाजवा, हेही सांगायचं होतं. पण ते इतक्या काळजीने माझ्या तोंडाकडे बघत होते आणि गाणारीने पुढच्या गाण्याचा सूर धरला होता. त्या क्षणी त्यांना फक्त पास की नापास एवढंच ऐकायचं होतं.

"बरोबर वाजनं, आबा," मी म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला आणि ते पुन्हा त्याच चार मात्रा वाजवायला लागले.